बाईंची धूळपाटी

फार पूर्वीची गोष्ट. लहानांनी कान देऊन ऐकावी, आणि थोरांनी ऐकून न ऐकल्यासारखं करू नये. दोन डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात एक गाव होतं. राजधानी इतकी लांब, की जुना राजा गेल्याची बातमी गावात पोचेपर्यंत नवा राजा म्हातारा झालेला असे.

त्या गावात एक बाई राहत. नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगी, सगुणा. बाईंना त्यांच्या वडिलांनी लिहायला-वाचायला शिकवलं होतं, आणि त्या खोऱ्यात ते दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. बाईंनी घराच्या ओट्यावर मुलं जमवली. नदीकाठची माती फडक्यातून गाळून त्या ती लाकडी पाटीवर पसरत, आणि एकेका मुलाचं बोट धरून त्या धुळीत अक्षर गिरवून घेत. रोज सकाळी ओट्यावरून त्यांची हाक येई, "या, इथे बसा आणि शिका!"

हाक ऐकून सगळ्यांची मुलं येत. गुराख्याची, कुंभाराची, पाटलाचीसुद्धा. चुलीवरची भाकरी करपली तरी बाईंचं लक्ष पाटीवरच असे, आणि ती करपलेली भाकरी सगुणाच्या ताटात येई. सगुणाची शिकायची पाळी सगळ्यात शेवटी. तोवर दिवे लागलेले असत आणि आईचे डोळे मिटायला आलेले असत.

एकदा सगुणा फुरंगटून म्हणाली, "सगळ्यांची होऊन उरतेस, तेवढीच तू माझी."

आई हसली. "उरलेली नाही गं, तुझ्यासाठी राखलेली," म्हणाली, आणि तिने लेकीचं बोट हातात घेतलं. पण सगुणाच्या मनातली ती अढी काही गेली नाही.

पुढे एका वर्षी तापाची साथ आली. बाई घरोघरी आजारी मुलांच्या उशाशी बसल्या आणि शेवटी स्वतःच अंथरुणाला खिळल्या. सगुणा तेव्हा लग्नाच्या वयाची झाली होती. आईने तिचं बोट धरलं, अगदी पाटीवर धरायची तसं, आणि म्हणाली, "पाटी रिकामी ठेवू नकोस हं."

"नाही ठेवणार," सगुणा म्हणाली. त्याच रात्री आई गेली.

गावात चूल पेटली नाही. मोठमोठी माणसं ओट्याशी उभी राहून लहान पोरांसारखी रडली. दिवसकार्य उरकल्यावर सगुणाने माती गाळली, पाटीवर पसरली आणि आता मुलांना हाक मारायची म्हणून उंबऱ्यात आली. बघते तर अंगणात सारा गाव. पुढे पाटील, हातात लुगडं आणि नारळ.

पाटील म्हणाले, "सगुणाबाई, जिथे बाई बसल्या, तिथे आता कोणी बसायचं? आमच्यात कोणाची लायकी आहे?"

एक म्हातारी पाटीवरची धूळ चिमटीत घेत म्हणाली, "बाईंचा हात लागलाय या पाटीला. हा तर अंगारा!"

सगळ्यांनी ती धूळ कपाळाला लावली. मग सगुणाला पाटावर बसवलं, तिची ओटी भरली. "तू बाईंची लेक. या जागेची पूजा तूच करायची," असं पाटलांनी जाहीर केलं.

आता सगुणाचं काय झालं ते सांगतो; तिला फार नावं ठेवू नका. जन्मभर शेवटी पाळी आलेल्या पोरीला त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांच्या आधी मान मिळाला. आई आता तिची एकटीची झाली होती. शिकवायचं तिच्या ओठांवर आलं होतं, ते तिने गिळलं. उद्या सांगू, असं म्हणाली, आणि तो उद्या काही उजाडला नाही.

ओट्यावर शिळा बसवली. त्यावर काय कोरायचं, असं पाथरवटाने विचारलं, तेव्हा सगुणाने आईची रोजची हाक लिहून दिली. इथे बसा आणि शिका. ते वाचून गावाचे डोळे भरून आले. मग कोणी तिथे बसू नये म्हणून गावाने ओट्याभोवती कठडा घातला.

वर्षं गेली. बाईंच्या हाताखाली शिकलेले एकेक करून गेले. त्यांची मुलं शिकली नव्हती, नातवंडांना तर अक्षर हा शब्दही ठाऊक नव्हता. दर उत्सवाला शिळेवर शेंदराचा नवा थर चढे. सगुणाचं लग्न झालं, लेकरं झाली, नातवंडं झाली. अंगारा वाटता वाटता तिची दृष्टी गेली, तेव्हा गावाने पूजेला एक गुरव ठेवला.

एके दिवशी ओट्यावरून रडणं ऐकू आलं. तिची धाकटी नात ठकी खेळता खेळता कठड्याआत शिरून शिळेपाशी बसली होती, आणि गुरवाने तिला फरफटत बाहेर काढलं होतं.

"कार्टे, शिळेवर काय लिहिलंय ठाऊक नाही? इथे बसू नये, असं लिहिलंय!"

सगुणा चाचपडत पुढे आली. "खोटं आहे! बसा, असं लिहिलंय. मी लिहून दिलंय ते!"

गुरव म्हणाला, "आजी, तुमचा मान मोठा. पण तुम्हाला दिसत नाही, तुम्ही काय वाचणार?"

"मग दुसऱ्या कोणी वाचा रे!" सगुणा ओरडली. "कोणीतरी वाचा!"

माणसं एकमेकांकडे बघत राहिली. सगुणाने शिळेवरून बोटं फिरवली. शेंदराने खाचा केव्हाच बुजल्या होत्या. हाताला नुसता गुळगुळीत दगड लागला.

तेव्हा ती मटकन खाली बसली. वाटेवरची माती ओंजळीने गोळा करून तिने पुढ्यात पसरली आणि ठकीचं बोट धरलं. आई धरायची, तसंच. कितीतरी वर्षांत तिने एक अक्षरही गिरवलं नव्हतं. एक उभी रेघ ओढली, एक वळण घेतलं, आणि ती थांबली. वळण आतून घ्यायचं की बाहेरून?

"आजी, बरोबर आलं का गं?" ठकीने विचारलं.

सगुणाने आंधळे डोळे गावाकडे वळवले. ते अक्षर बरोबर आलं की चुकलं, हे सांगणारं गावात कोणी उरलं नव्हतं.

तात्पर्य: ज्यांच्यावर आपली माया असते त्यांचं काम हाती घ्यावं; नुसते हात जोडून बसलो, तर त्यांची आठवणही मुकी होते.