नमुन्याचा माठ

फ्रिज यायच्या कितीतरी आधीची गोष्ट. गिरजा कुंभारणीच्या दारात एक माठ भलत्याच मिजाशीत बसलेला असायचा. त्याच्या गळ्यात 'नमुना' अशी पाटी होती आणि गिऱ्हाइकं त्याच्याकडे बोट दाखवून "अस्साच द्या" म्हणायची. ओल्या मडक्यांना तो हिणवायचा, "तुम्हाला कुणीही दाबावं! मी भाजलेला आहे. मला बदलणं ब्रह्मदेवाच्या बापालाही जमायचं नाही."

पुढे गिऱ्हाइकं कुरकुरू लागली, "तोंड अरुंद आहे, घासायला हात आत जात नाही." गिरजाने माठाला धक्काही लावला नाही. रुंद तोंडाचा नवा माठ घडवून भाजला आणि पाटी काढून त्याच्या गळ्यात अडकवली.

"अगं, मी तसूभरही बदललो नाही!" जुना माठ ओरडला.

"म्हणूनच तर निघाले," पाटी म्हणाली.