गोणीवाला म्हातारा

फार पूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की त्या गावाचं नाव आता कुणालाच आठवत नाही. पोरांनो, जवळ या, आणि पोरांच्या आयांनो, तुम्हीही जरा हातातलं काम ठेवून ऐका. ही तुमच्यासाठी जास्त आहे.

रानाच्या कडेला येसू नावाची बुरडीण राहायची. दिवसभर बांबू चिरायचा, सुपं-टोपल्या विणायच्या, हेच तिचं काम. तिची लेक बकू अडीच वर्षांची. अडीच वर्षांचं पोर म्हणजे काय चीज असते, ते ज्यांनी सांभाळलंय त्यांना मी काय सांगू! जेव म्हटलं की ‘नाही’. नीज म्हटलं की ‘नाही’. कोयत्याला हात लावू नको म्हटलं की पहिला हात कोयत्यालाच.

एकदा बांबूची धारदार पट्टी बकूच्या डोळ्याशेजारून गेली. तेव्हापासून येसूच्या जिवाला घोर लागला. हात विणत असायचे आणि डोळे बकूच्या मागे असायचे.

मग तिने त्या गावातली प्रत्येक आई करायची तेच केलं. रानातून एक म्हातारा कोळसा विकायला यायचा. तोंड काळंकुट्ट, दाढी वाढलेली, पाठीवर ही मोठी गोणी. येसू म्हणाली, “बकू, तो बघ! ऐकलं नाहीस तर गोणीत घालून नेईल. आणि तो जवळ असला की अगदी गप्प राहायचं. आवाज ऐकला की तो बरोब्बर येतो.”

बकू चिडीचूप. येसूला वाटलं, सुटले बाई एकदाची! त्या दिवसापासून जेवताना म्हातारा, निजताना म्हातारा, केस विंचरतानाही म्हातारा.

खुद्द म्हाताऱ्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो गावात शिरला की गल्ल्या शांत व्हायच्या. तो बिचारा मनात म्हणायचा, ‘काय शहाणी पोरं आहेत या गावची!’

एके दिवशी दुपारी येसू सुपाची कड बांधत होती. नवरा टोपल्या घेऊन लांबच्या बाजाराला गेला होता. कड बांधून झाली, तिने मान वर केली, तर बकू नाही.

“बकू! अगं बकूऽऽ!”

ती आधी विहिरीकडे धावली. काठावरून वाकून पाहिलं. पाणी संथ होतं, तळ दिसत होता. मग गोठे पाहिले, कडब्याच्या गंजी उपसल्या. शेजारपाजारचे सगळे गोळा झाले. ऊन कलायला लागलं, तरी बकूचा पत्ता नव्हता.

तेवढ्यात तो कोळसेवाला म्हातारा धापा टाकत आला. “बाई, कुणाचं पोर हरवलंय का? मघाशी उतारावरच्या करवंदीच्या जाळीपाशी एक चिमुरडी दिसली. मी ‘ये बाळा’ म्हटलं, तर आतच पळाली. काट्यांतून हात घातला, तर आणखी आत सरकली. म्हणून धावत आलो सांगायला.”

सगळे उताराकडे धावले. जाळी चार घरांएवढी पसरलेली, आणि तिच्या मागे खोल घळ. अंधार पडला की त्या घळीतून तरस बाहेर पडायचे. लोकांनी हाका मारल्या. म्हाताऱ्यानेही मारल्या. आतून हूं नाही की चूं नाही.

“इथं नाहीच ती,” एक शेजारी म्हणाला. “असती तर ओ दिली नसती? चला नदीकडे.” माणसं वळलीसुद्धा.

येसू मात्र जाळीपाशीच उभी राहिली. बकू ओ का देत नाही, हे तिला एकटीला कळलं होतं. जन्मात कधी न ऐकणारं पोर आज आईचं एकच सांगणं तंतोतंत पाळत होतं.

“थांबा!” ती ओरडली. मग म्हाताऱ्यापुढे मान खाली घालून म्हणाली, “बाबा, ती तुम्हाला भिते. तुम्ही पोरांना गोणीत घालून नेता, असं मीच तिला सांगितलंय. मीच काय, आम्ही सगळ्याच सांगतो.”

“मी? मी कुणाचं पोर नेलं गं, बाई?” म्हातारा कळवळून म्हणाला. पण तो निघून गेला नाही. त्याने पाठीवरची गोणी उतरवली आणि जाळीसमोर सगळी जमिनीवर उलटी केली.

येसू काट्यांशी गुडघे टेकून बसली. “बकू, बघ, नुसता कोळसा आहे. हे आजोबा कुणाला नेत नाहीत. आई खोटं बोलली.”

मग अगदी मागच्या बाजूला, घळीच्या तोंडाशी, एक फांदी हलली.

“आई खोटं बोलली?” आतून आवाज आला.

“हो गं माझे बाई, बोलली!”

बकू रांगत बाहेर आली. अंगभर ओरखडे, गालावर रक्त. येसूने तिला पोटाशी धरलं आणि हंबरडा फोडला. म्हातारा खाली बसून कोळसा पुन्हा गोणीत भरायला लागला, तेव्हा गावातल्या आया एक-एक करून त्याच्या मदतीला वाकल्या. वर बघायची हिंमत कुणालाच होईना.

बकू वाचली खरी, पण गोष्ट तिथे संपली नाही. चार दिवसांनी येसू चुलीपाशी म्हणाली, “बकू, भांडं तापलंय, हात लावू नको.”

बकूने आईच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं. “खरं?” तिने विचारलं. आणि हात लावून पाहिलाच.

येसू ते भाजलेलं बोट गार पाण्यात धरून बसली. लेकीवर रागवायला तिला तोंड उरलं नव्हतं.

म्हणून सांगते, खोटी भीती घालून गप्प केलेलं मूल संकटातही गप्पच राहतं, आणि पुढे आईच्या खऱ्या शब्दावरही त्याचा भरवसा बसत नाही.