मेण्यातली शेळी

इनामदार एकदा साध्या धोतरात, बोडक्यानं ओढ्यावर गेले. त्यांचा मेणा वाहणाऱ्या भोयाची बायको भिवराबाई तिथं धुणं धूत होती. तिनं त्यांना ओळखलं नाही, मुजराही केला नाही. "मेणा दिसला नाही, म्हणून ओळखलं नाही सरकार," ती मागाहून म्हणाली.

"उद्याच गाव सोड!" इनामदार कडाडले. "लोक मला मुजरा करतात, मेण्याला नाही!"

दुसऱ्या दिवशी भोयांनी पडदे सोडलेला मेणा बाजारातून आणला. सगळा बाजार कमरेत वाकला. इनामदार सज्ज्यातून बघतच राहिले. मेणा दारात टेकला आणि आतून भिवराबाईची शेळी उतरली.

"गावानं शेळीला मुजरा केला?" इनामदारांनी विचारलं.

"नाही सरकार, मेण्यालाच केला," मेण्यामागून आलेली भिवराबाई म्हणाली. "फक्त शेळीला तो आपल्याला केला असं वाटलं नाही."

इनामदार असे हसले, की भोयांचीही हसायची सोय झाली. गाव सोडायचं राहूनच गेलं.