माणकेरीचं पेव

फार वर्षांपूर्वी, तुमच्या-माझ्या पणज्याचा पणजाही पाळण्यात नव्हता तेव्हा, माणकेरी गावात दर साली खळी उरकली की निंगाप्पा हेळवी यायचा. बैलावर बसून, पायांवर घोंगडी टाकून. हेळवी म्हणजे घराण्यांची वंशावळ सांगणारा. तो प्रत्येक दारापुढे बैल उभा करायचा आणि त्या घराचा मूळपुरुष कुठून आला, त्याच्या पोटी कोण, त्याच्या पोटी कोण, असं खाली खाली सांगत यायचा. नुसती नावं नाहीत. कुणी विहीर खणली, कुणी शेजाऱ्याचा बांध कोरला, कोण दोन बायकांच्या भांडणात टक्कल पडून मेला, सगळं. कागद नाही, चोपडी नाही. माणकेरीकर तसे चिक्कू, पण हेळव्याच्या झोळीत जोंधळा टाकताना त्यांचा हात आखडत नसे. आपला खापरपणजा काय खायचा, कशाला हसायचा, हे ऐकायला कुणाला आवडत नाही?

एका साली हेळव्याच्या आधी मरी आली. उलट्या, जुलाब, आणि सकाळचा माणूस दुपारी नाही. गावचा पाटील होता सातगोंडा. त्यानं हुकूम काढला की ज्याला उलटी झाली त्याला वेशीबाहेर माळावर घालायचं, आणि बाहेर गेलेल्याचं नाव कुणी तोंडातून काढायचं नाही. नाव घेतलं की मरी त्या आवाजाच्या मागानं घरात शिरते, असा तेव्हा समज होता. भित्र्या माणसाला असला एखादा समज लागतोच. गावानं ऐकलं. आईनं लेकाचं नाव गिळलं, नवऱ्यानं बायकोचं. तिसऱ्या दिवशी पाटलाची एकुलती लेक तुंगव्वा, माहेरपणाला आलेली, अंगणात ओकली. पाटलानं तिला स्वतःच्या हातानं वेशीबाहेर नेलं आणि आत येऊन अडसर घातला.

हेळवी आला तेव्हा वेस बंद होती. मागं फिरायला वाट मोकळी होती, पण तो फिरला नाही. गावाच्या शिवेत हेळव्यानं बैलावरून उतरायचं नसतं. तो उतरला. माळावर पडलेल्या माणसांना पाणी पाजत हिंडला, आणि प्रत्येकाला त्यानं एकच विचारलं, "तुझं काय सांगू?" त्यांनी बरं सांगितलं, वाईटही सांगितलं. मेलेल्यांना मूठमाती त्यानंच दिली. मरी त्याच्या बैलाला वळसा घालून जायची, असं म्हणतात.

मरी ओसरली, वेस उघडली. रिवाजाप्रमाणे निंगाप्पा पहिल्यांदा पाटलाच्या दारी आला. सारा गाव जमला. पिढ्या उतरत उतरत सातगोंडापर्यंत आल्या आणि हेळवी पुढं म्हणाला, "सातगोंडाच्या पोटी तुंगव्वा."

"बास," पाटील म्हणाला. "माझ्यापाशी थांब. मला पोरच झाली न्हाई, आसं सांग."

"धनी, झाली हुती. वेशीला धरून हाका मारत हुती, 'आप्पा, अडसर काढा.' तुमी आतनं ऐकत हुता."

पाटलाचा चेहरा उतरला. मग राग आला. लाजलेल्या माणसाला राग फार लवकर येतो.

"माळावरलं एक बी नाव घ्यायचं न्हाई. कबूल?"

"मधलं एक गाळलं की माझी जीभ खोटी झाली, धनी. मग वरच्या नावांवर तरी कोण इस्वास ठेवंल?"

पाटलानं त्याला रिकाम्या पेवात उतरवलं. पेव म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार. तोंडावर दगड सारला की आत माणूस फार वेळ टिकत नाही. नावं गाळायला कबूल झाला की हाक मारील, मग काढू, असं ठरलं. गाव बघत राहिला. मला राग येतो तो याचा. एवढ्या घरांत दगड धरून ठेवणारा एक हात नव्हता? सगळे मूग गिळून आपापल्या घरी गेले.

थोड्या वेळानं आवाज आला, पण कबुलीचा नव्हे. निंगाप्पा जमिनीखालून वंशावळी सांगत होता. वेशीजवळच्या घरापासून त्यानं सुरुवात केली होती. चुलीपुढे, गोठ्यात, जात्यापाशी, जिथं जावं तिथं ऐकू यायचं, असं म्हणतात. माळावर टाकलेल्या माणसाचं नाव आलं की त्या घरातल्या बाया हंबरडा फोडायच्या. चंपव्वा म्हातारीचे दोन लेक माळावर गेले होते. ती पाटलाच्या दारात जाऊन म्हणाली, "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं ऱ्हात न्हाई, पाटला." सहा दिवस आवाज चालू होता. सातव्या दिवशी पाटलाचं घर आलं.

"तुंगव्वा," आवाज म्हणाला. "पोहण्यात पोरांना हरवणारी. चिंचा चोरून खाणारी. बापानं वेशीबाहेर घातली. तीन दिस हाका मारल्या. मग म्हणाली, आता हाक मारत न्हाई, आप्पाच्या जिवाला लागत आसंल."

पाटील धावत आला. चार गड्यांचा दगड त्यानं एकट्यानं सारला. आत निंगाप्पा मरून पडला होता. अंगावरून कळत होतं की पहिल्याच दिवशी गेला. मग इतके दिवस बोललं कोण? पाटील त्यानंतर मरेपर्यंत बोलला नाही, असं म्हणतात.

त्या पेवात पुन्हा कुणी दाणा भरला नाही. आजही खळी उरकली की माणकेरीत पेवावरचा दगड काढतात. त्याला हेळव्याचा दिवस म्हणतात. ज्यांच्या घरी सालभरात कुणी गेलं असेल ती माणसं काठाशी बसतात, आपल्या माणसाचं नाव आत सांगतात आणि तो कसा जगला तेही सांगतात. एरवी मेलेल्याबद्दल गोडच बोलायचं असतं. इथं खरं बोलायचं. दारू पीत होता तर पीत होता, सुनेला छळत होती तर छळत होती. पोरंबाळं ऐकतात आणि आपण कुणाच्या पोटचे ते त्यांना कळतं.

पहिला मान अजून पाटलांचाच, म्हणजे सातगोंडाच्या भावकीचा. घरातला कर्ता पुरुष पटका उतरवून पेवाच्या तोंडाशी वाकतो, आणि सारा गाव ऐकत असताना म्हणतो, "सातगोंडाच्या पोटी तुंगव्वा. आमीच तिला वेशीबाहेर घातली."