मोकळी दिसलेली तार

एकदा एक शिष्या गुरूंकडे विद्या मागायला आली. गुरू म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लगेच दाढी आणि कमंडलू! हे गुरू म्हणजे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले मुजावर सर. मिरजेत स्वतःच्या घराच्या माडीवर ते कॉम्प्युटर नेटवर्किंग शिकवीत, तार सोलण्यापासून ते गावोगावची कार्यालयं एकमेकांना जोडण्यापर्यंत. शिष्येचं नाव सुनेत्रा माळगे. दोन वर्षांत तिनं सारं आत्मसात केलं. बुद्धी कुशाग्र, आणि ती कुशाग्र आहे हे तिला चांगलं ठाऊकही होतं.

एका खासगी रुग्णालयाला नेटवर्क सांभाळायला कायमचं माणूस हवं होतं. सरांच्या शब्दावर तिथल्या व्यवस्थापिका आरवाडेबाईंनी सुनेत्राला महिनाभर पारखायला घेतलं. घरी वडील अंथरुणाला खिळलेले. ही नोकरी तिला हवी म्हणजे हवीच होती.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी ती सकाळी लवकर आली. सगळ्या तारा ज्या पेटीत येऊन मिळतात, त्या स्विचभोवतीचं जंजाळ तिनं आवरलं, तारांचे सुबक गुच्छ बांधले आणि समाधानानं समोरच्या गाड्यावर पोहे खायला गेली. बशी संपायच्या आत फोन आला. नेटवर्क ठप्प! प्रयोगशाळेतले रिपोर्ट वॉर्डात पोहोचेनात. परिचारिका हातात कागद घेऊन जिने चढू-उतरू लागल्या.

सुनेत्राचं धाबं दणाणलं. तिनं इंटरनेटच्या कंपनीला फोन लावून फैलावर घेतलं. व्हायरस शोधला. एकेक सेटिंग उलटसुलट तपासली. दोन तास गेले. अखेर नाइलाजानं तिनं सरांना बोलावलं.

सर आले, त्यांनी चष्मा पुसला, आणि कुणाला काही न विचारता पेटीतल्या सगळ्याच्या सगळ्या तारा उपसून काढल्या.

"अहो सर, होतं नव्हतं तेही घालवताय की!" दारातली परिचारिका ओरडली.

सर शांतपणे एकेक तार परत खोचू लागले. एक खोचायची, दहा आकडे मोजायचे, मग पुढची. सुनेत्राला राहवेना. "सर, हे तर तुम्ही पहिल्या आठवड्यात शिकवता."

"हो ना," सर म्हणाले आणि पुढची तार खोचली.

एका तारेला मात्र पेटीवरचे सगळे दिवे अंगात आल्यागत लुकलुकायला लागले. सरांनी ती तार बोटानं चाचपत नेली. तिचं दुसरं टोकही त्याच पेटीत होतं! निरोप बाहेर निघायचा तो फिरून आतच यायचा, पुन्हा निघायचा, पुन्हा यायचा; त्या गर्दीत बाकी कुणाला वाटच उरली नव्हती. सरांनी एक टोक काढलं. दिवे निवले. थोड्याच वेळात वॉर्डातून निरोप आला, रिपोर्ट दिसायला लागले.

सुनेत्राचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. सकाळी ते टोक मोकळं लोंबत होतं. कुणाची तरी तार निसटली असेल, असं समजून तिनंच ते पेटीत खोचलं होतं.

"कुणाचा उद्योग हा?" आरवाडेबाई दारात उभ्या होत्या. साऱ्यांच्या नजरा झाडलोट करणाऱ्या शंकरमामांकडे वळल्या. मामा कावरेबावरे झाले. "मी नाही हो बाई. मी तारांना हातसुद्धा लावत नाही."

सुनेत्रा गप्प राहिली असती, तर बाईंना कळलं नसतं. तिला नोकरी दिसत होती, वडील दिसत होते.

"माझा," ती म्हणाली. "मामांचा काही संबंध नाही. सकाळी मीच जोडली ती तार."

मग तिनं सरांकडे पाहिलं. त्यांना नवल वाटलेलं दिसत नव्हतं. "तुम्हाला कधी कळलं?"

"गुच्छ बघितले तेव्हाच संशय आला. एवढ्या सुबक गाठी तूच मारतेस," सर म्हणाले. "बेटा, तू दोन तास सगळीकडे शोधलंस. कंपनी तपासलीस, सेटिंगा तपासल्यास. तपासायचे राहिले ते सकाळचे स्वतःचे हात. नवशिक्याला वाटतं, चूक आपलीच असणार. जरा विद्या आली की वाटतं, ती दुसऱ्याचीच असणार. पुरतं शिकलेला माणूस पहिल्या तारेपासून बघत येतो आणि त्यात स्वतःलाही सोडत नाही. ते शेवटचं शिकवायचं राहिलं होतं. ते वर्गात शिकवता येत नाही."

आरवाडेबाईंचं समाधान झालं नव्हतं. "ते सगळं खरं, सर. पण मागच्या महिन्यात तुमचाच दुसरा विद्यार्थी असाच पारखायला घेतला होता. त्याच्या वेळी एकदाही काही बिघडलं नाही. मग मी हिला का ठेवू?"

"तो मुलगा हुशार आहे," सर म्हणाले. "पण काही बिघडल्यावर तो काय सांगतो, हे अजून कुणी ऐकलेलं नाही. हिचं तुम्ही आत्ता ऐकलंत."

बाईंनी पेटीवरच्या निवलेल्या दिव्यांकडे पाहिलं. मग सुनेत्राला म्हणाल्या, "सोमवारी नऊला या." आणि जाता जाता त्या शंकरमामांपाशी थांबल्या.

"मामा, मघाशी मीही आधी तुमच्याकडेच पाहिलं. चुकलं माझं."