साठ वर्षांचे वेढे

भूमध्य समुद्रातल्या एका उघड्याबोडक्या बेटावर एकदा एक वृद्ध बागाईतदार राहत होता. त्या बेटावर वारा असा, की मांडवावर द्राक्षवेल टिकत नाही. म्हणून दर हिवाळ्यात छाटणीनंतर वेलीवर उरलेल्या काड्या जमिनीलगत गोल गुंफून वेलीचीच टोपली करतात; वर्षानुवर्षे वेढ्यावर वेढा चढत जातो. घड त्या टोपलीच्या आत, वाऱ्याआड पिकतात. वृद्धाच्या हातच्या टोपल्या पाहायला दुरून लोक येत.

त्याच्याकडे एक शिष्या होती. छाटलेल्या काड्या वाहून नेणे, एवढेच तिचे पाच वर्षांचे शिक्षण. गुंफायला मागितले की उत्तर ठरलेले : “तुझा हात अजून कच्चा आहे, पोरी.”

“काड्या वाहून पाठ पक्की झाली, आजोबा. हात कसा होणार?”

त्या हिवाळ्यात वृद्धाने तिच्या हाती करवत दिली आणि सर्वांत जुन्या, सर्वांत देखण्या टोपलीकडे बोट दाखवले. “ही बुंध्यापासून काप.”

मद्य खरेदीला आलेला व्यापारी चपापला. “अहो, ही तुम्ही तरुणपणी सुरू केलेली. पाहुण्यांना मी हीच दाखवतो.”

“दाखवता खरं. यंदा तिच्यात घड किती होते, पाहिलंत?”

चार होते.

शिष्येने वेल कापली. साठ वर्षांचे वेढे बाजूला पडले. मातीत वीतभर बुंधा उरला.

“मूळ दणकट आहे,” वृद्ध म्हणाला. “पण रस एवढे वेढे फिरून घडापर्यंत जाईतो वाटेतच संपायचा. हे मला दहा वर्षांपूर्वी कळलं होतं. पण ही कापली, तर नवी टोपली पुरी होताना पाहायला मी नसणार. ती दुसऱ्या कुणाच्या हातची होणार. ते सोसेना, म्हणून तुला कच्ची म्हणत राहिलो. तुझ्या हातात काही खोट नव्हती.”

“आणि माझी पाच वर्षं?”

“ती मला परत देता येणार नाहीत.”

शिष्येने करवत पुसून ठेवली.

वसंतात बुंध्याला तीन फुटवे आले. पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या काड्या झाल्या, तेव्हा शिष्या गुडघ्यांवर बसून गुंफू लागली. व्यापारी पुन्हा आला होता. थोडा वेळ पाहून तो वृद्धाच्या कानाशी कुजबुजला, “तुमच्या उलट बाजूने वळवतेय ती.”

“दिसतंय मला,” वृद्ध म्हणाला, आणि त्याचा हात धरून त्याला बागेबाहेर घेऊन गेला.