पाटावरून कोणी उठेना!

राणीसाहेबांची पालखी भर बाजारात अडकली! पुढे बैलगाडी, मागे बैलगाडी, दोन्ही बाजूंना छकडे. भोई घामाघूम झाले. एका बैलाने तर पालखीची जरीची झालर चघळूनही पाहिली! श्रावणी सोमवार, महादेवाच्या पूजेला निघालेल्या राणीसाहेब कशाबशा माघारी आल्या, आणि पूजेची वेळ टळली ती टळलीच.

महाराज खंडेराज भडकले. "उद्यापासून बाजारात गाडी उभी करण्याचं भाडं दुप्पट!"

झालं! सगळे व्यापारी दरबारात हजर. पुढे नगरशेट नेमाशेट.

"महाराज, घात होईल! एवढं भाडं देऊन गिऱ्हाईक येईल कशाला? ते जाईल पलीकडच्या गावी, आणि आम्ही बसू माश्या हाकत!"

महाराज हट्टाला पेटले की पेटले. "भाडं वाढणारच! आणि पुढच्या सोमवारी राणीसाहेबांच्या व्रताचं उद्यापन आहे. तुम्ही सगळे जेवायला याल, तेव्हा भाडं वाढवलं म्हणून तुम्हीच आमचा जयजयकार कराल!"

"तो कसा काय, महाराज?"

"ते आम्हाला काय विचारता? दिवाणजी बघतील!"

दिवाणजींच्या तोंडचं पाणी पळालं. पण डोकं तिरकं चाललं. "जयजयकार झाला नाही महाराज, तर देवळापुढची फुलारणींची ओळ उठवू. तेवढीच गाड्यांना जागा!"

"मंजूर!"

पूजेची फुलं घेऊन आलेली सगुणा फुलारीण दारातच उभी होती. त्या ओळीत तीही बसायची. पिंपळाखालची ती जागा तिला सासूबाईंनी दिलेली. तिथे बसून तिने बेलाची त्रिदळं निवडली, हार ओवले, पोरं वाढवली. आता जायचं कुठे? तिने मनातल्या मनात महादेवाला हात जोडले आणि टोपली खाली ठेवली.

"महाराज, जयजयकार मी करवते!"

दरबार खो खो हसला. नेमाशेट म्हणाले, "हार ओवण्याइतकं सोपं वाटलं होय गं तुला?"

"शेटजी, हार ओवायलाही सुई लागतेच की! आणि ती टोचते बरं!"

महाराजांना मौज वाटली. "बोल, काय हवं तुला?"

"उद्यापनाला घरच्यांची पंगत आधी बसू दे. आचारी, वाढपी, भोई, दिवाणजी, आणि महाराज, तुम्हीही! मी म्हणेन तेव्हाच उठायचं."

"पाहुण्यांच्या आधी घरचे? अगं, राणीसाहेब आम्हाला घरात राहू देणार नाहीत!"

पडद्याआडून आवाज आला, "सगुणा म्हणते तसं होऊ द्या. तिच्या हातचा बेल माझ्या महादेवाला आवडतो."

सोमवार उजाडला. दिवसभराचा उपास. दिवेलागणीला व्यापारी मंडळी सोवळी नेसून, पोटात कावळे घेऊन वाड्यावर आली. वरणाला तुपाची फोडणी, पुरणाचा वास अंगणभर! आणि बघतात तो काय, एकूण एक पाट भरलेला! भोई मांडी ठोकून बसलेले, आचारी ढेकर देताहेत, वाढपी विडा चघळताहेत. दिवाणजी तर बसल्या जागी पेंगताहेत! आणि मधोमध भल्यामोठ्या चांदीच्या पाटावर खुद्द महाराज!

व्यापारी या पायावरून त्या पायावर. कोणी उठेल तर शपथ!

"अहो, आटपा की!" नेमाशेट भोयाच्या कानाशी कुजबुजले.

"घाई काय, शेटजी? पाट काय पळून जातोय? बसायचे पैसे थोडेच पडतात!"

नेमाशेटांचा धीर सुटला. "ही काय रीत झाली? पाट मांडले कुणासाठी? पाहुण्यांसाठी! घरचेच अडवून बसले तर पाहुण्यांनी काय दारातून वास घेऊन परत जायचं?"

सगुणा हात पुसत पुढे आली. "अगदी मनातलं बोललात, शेटजी! आता एवढंच सांगा, तुमच्या दुकानापुढे सकाळपासून दिवे लागेपर्यंत गाडी उभी असते, ती कुणाची?"

नेमाशेटांनी उपरणं सावरलं. "ती... म्हणजे... माझीच."

"आणि शेजारच्या कापडवाल्यांच्या दारात?"

"त्यांची."

"मग गिऱ्हाईक कुठे उभं राहणार? बाजाराचे यजमान तुम्ही, आणि पहिल्या पंगतीला तुम्हीच बसलेले! गिऱ्हाईक बिचारं येतं, घेतं, जातं. त्याला थोड्या वेळाचं थोडंच भाडं लावा. जो दिवसभर ठाण मांडेल, त्याचं चढत जाऊ दे. तुमच्या गाड्या नदीकाठच्या माळावर फुकट उभ्या करा. चार पावलं चालाल तर पुरणही पचेल! दार मोकळं झालं की गिऱ्हाईक आत येतं का नाही, बघा!"

व्यापारी एकमेकांकडे बघू लागले. कापडवाले आधी हसले, मग त्यांच्यामागून सगळेच.

"खरंच की हो! वाढवा, महाराज, भाडं वाढवा! पण आधी या लोकांना उठवा!" नेमाशेट ओरडले. "खंडेराज महाराजांचा विजय असो!"

"विजय असो!" एकच गजर झाला. दिवाणजी दचकून जागे झाले आणि तेही ओरडले, "विजय असो!"

महाराज मिशीवर ताव देत म्हणाले, "पाहिलंत? आम्ही सांगितलं होतं!"

"हो महाराज," सगुणा हळूच म्हणाली, "पण देवळापुढे दिवसभर हत्ती उभा असतो, तो कुणाचा?"

महाराजांनी खाली पाहिलं. बुडाखाली चांदीचा पाट, समोर ताटकळलेले पाहुणे!

आणि महाराज जे हसत सुटले! पगडी घसरून श्रीखंडात पडली, तरी थांबेनात. शेवटी स्वतःच पाटावरून उठले, नेमाशेटांना हाताला धरून बसवलं आणि पुरणपोळ्यांचं ताट घेऊन वाढायला लागले. "दिवाणजी, हत्ती उद्यापासून माळावर! आणि आजवरचं त्याचं भाडं दुपटीने आमच्याकडून वसूल करा!"

राणीसाहेबांनी सगुणाची ओटी भरली, अंगावर हिरवीगार साडी घातली. महाराज म्हणाले, "पिंपळाखालची जागा पिढ्यान् पिढ्या तुझी! पण काय गं, तूही तिथे दिवसभर बसतेस. तुझ्या टोपलीचं चढतं भाडं कोण देणार?"

सगुणा पदर सावरत हसली.

"महाराज, आता गिऱ्हाईकाला उभं राहायला जागा झालीय. माझी टोपली दुपारपर्यंत टिकतेय कुठली!"